अलार्म वाजला, आता बाहेर पळायचं की आतच थांबायचं? शाळेतली इमर्जन्सी, सोप्या भाषेत

शाळेच्या सेफ्टीचा विषय निघाला की गाडी लगेच सीसीटीव्हीवर येते. कॅमेरे किती, गेटवर गार्ड आहे का, आयकार्ड तपासतात का. हे सगळं असावंच, त्याबद्दल वाद नाही, पण कॅमेरा काय करतो तर जे झालं ते नंतर दाखवतो. खरोखर आग लागली, जमीन हलली, लॅबमध्ये गॅसचा वास आला किंवा कोणी भलताच माणूस आत घुसला तर पहिल्या काही मिनिटांत जे काय करायचं ते वर्गातले सर किंवा मॅडम आणि समोर बसलेली पोरं एवढेच मिळून करतात. फायर ब्रिगेड येते, पोलीस येतात, अँब्युलन्स येते, पण ते पोचेपर्यंतचा वेळ शाळेलाच निभवावा लागतो आणि इमर्जन्सी प्लॅन नावाची जी जाडजूड फाइल ऑफिसच्या कपाटात असते ना, ती खरं तर तेवढ्याच वेळासाठी असते.

आता गंमत अशी की त्या वेळात फाइल उघडायला कोणाला सुचत नाही. भले भले गोंधळतात, समोरचा काय करतोय ते बघत बसतात, आणि समोरचा आपल्याकडे बघत असतो. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की चांगला प्लॅन म्हणजे शंभर पानं नव्हेत, चार प्रश्नांची आधीच देऊन ठेवलेली उत्तरं. आत थांबायचं की बाहेर जायचं? बाहेर म्हणजे नक्की कुठे? हे कोण सांगणार, आणि तो माणूस त्या दिवशी जागेवर नसेल तर कोण? आणि शेवटचं, सगळे आले का? पुढे जे काय लिहितोय ते फिरून फिरून या चारांवरच येणार आहे.

आगीपासून सुरुवात करू कारण ते सगळ्यांना माहीत असतं असं सगळ्यांना वाटतं. 1 डिसेंबर 1958 ला शिकागोमधल्या अवर लेडी ऑफ द एंजल्स या शाळेत दुपारी आग लागली. तळघरात, जिन्याच्या अगदी खाली, कचऱ्याच्या पिंपात. जिना उघडा, वरच्या मजल्यावर मधे आग अडवणारं फायर डोअर नाही, त्यामुळे जिन्याचं धुराडं झालं आणि धूर सरळ वरच्या कॉरिडॉरमध्ये शिरला, वर्गातल्यांना कळेपर्यंत बाहेर पडायची वाटच बंद. 92 मुलं आणि 3 शिक्षिका गेल्या. आता यातली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट सांगतो. अलार्म वाजवायचा अधिकार मुख्याध्यापिकेचा होता, आणि मुख्याध्यापिका नेमक्या तेव्हा गैरहजर शिक्षिकेच्या जागी दुसऱ्याच वर्गावर शिकवत होत्या. धूर दिसलेल्या एक शिक्षिका आधी त्यांना शोधायला गेल्या, त्या सापडल्या नाहीत, मग शिक्षिकांनी आपापल्या जबाबदारीवर वर्ग बाहेर काढले आणि त्यानंतर अलार्म वाजवला. अलार्म वाजला तोही फक्त शाळेच्या आत, कारण तो फायर ब्रिगेडला जोडलेलाच नव्हता. आणि ही इमारत त्याच वर्षी फायर इन्स्पेक्शनमध्ये पास झाली होती, कारण जुन्या इमारतींना नव्या नियमांतून सूट होती. त्यामुळे कोणी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं तर ते बघा, छान म्हणा, आणि मग विचारा की जिन्याच्या तोंडाशी दार आहे का आणि अलार्म कोणीही वाजवू शकतं का. कोणीही म्हणजे अगदी सहावीतला पोरगाही. चुकून वाजला तर पाच-दहा मिनिटं वाया जातील, एवढंच.

आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळांनी नाही, धुराने मरतात. धूर वर चढतो, छताखाली साचतो आणि मग हळूहळू खाली येतो, म्हणून वाकून किंवा रांगत जायचं, जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते. दार उघडायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूने दाराला स्पर्श करून बघायचा, गरम लागलं तर ते दार उघडायचं नाही, दुसरी वाट बघायची. दुसरी वाट नसेल तर दार बंद ठेवायचं, फटीत कपडे कोंबायचे, ओले असले तर उत्तम, आणि खिडकीत येऊन आपण इथे आहोत हे दाखवायचं. बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्यायचं, लॉक करायचं नाही, नुसतं ओढायचं. बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवून धरतं आणि या गोष्टीला एक पैसा लागत नाही, तरी ड्रिलमध्ये बघा, सगळी दारं सताड उघडी टाकून लोक बाहेर येतात. लिफ्ट वापरायची नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

फायर एक्स्टिंग्विशरबद्दल थोडंसं, कारण ते भिंतीवर लटकलेलं असतं आणि वर्षानुवर्षं त्याला कोणी हात लावत नाही. पिन ओढा, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा, ज्वाळांच्या शेंड्याला नाही, दांडा दाबा आणि डावीकडून उजवीकडे फिरवत राहा. छोटा सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, म्हणजे कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीला तो ठीक, पडदे पेटले की तो सोडायचा आणि निघायचं. आणि तेही कधी, तर आपली बाहेर पडायची वाट आपल्या पाठीमागे मोकळी असेल तरच. वरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे येताजाता कोणीही बघू शकतं.

दारं आणि जिने यावर कोणी फारसं बोलत नाही, पण आगीशिवायही नुसती गर्दी जीव घेते. 1883 साली इंग्लंडमध्ये संडरलँडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा एक कार्यक्रम होता, संपताना खाली बक्षिसं वाटायला लागले म्हणून वरच्या गॅलरीतली मुलं जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या पायथ्याचं दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि एकेक मूल जाईल एवढीच फट ठेवून ते बोल्टने अडकवलेलं. पुढची मुलं दाराशी अडकली, मागच्यांना ते दिसत नव्हतं, ते येतच राहिले. 183 मुलं गेली. आग नाही, धूर नाही, काही नाही. नुसतं ढकललं की बाहेर उघडणारी आडव्या दांडीची दारं जी आज मोठ्या हॉलमध्ये दिसतात त्यांच्यामागे असल्या घटना आहेत. तेव्हा शाळेत बघायचं ते हे की दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, मागच्या गेटचं कुलूप आणि त्याची चावी एकमेकांपासून किती लांब आहेत, आणि जिन्याखालच्या मोकळ्या जागेत तुटके बाक, स्पोर्ट्सचं सामान, जुने पेपर असा ढीग तर नाही ना. चोर येऊ नये म्हणून मागचं गेट बंद ठेवतात हे मला कळतं, पण मग आतून चावीशिवाय उघडणारी कडी बसवा, बाहेरून बंद आणि आतून मोकळं असं दार काही अशक्य नाही.

जपानमधल्या शाळांत लहान मुलांकडून चार गोष्टी पाठ करून घेतात: ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. चौथी सगळ्यात अवघड. दप्तर राहिलं, बाटली राहिली, मैत्रीण राहिली म्हणून मूल मागे वळतं, आणि खरं सांगायचं तर मोठेही वळतात, मोबाइलसाठी.

आता भूकंप. इथे नेमकं उलटं. हादरे चालू असताना बाहेर पळायचं नाही. खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवा कारण टेबल सरकतं. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी, खिडकी आणि कपाटांपासून लांब, गुडघ्यांवर बसून मान आणि डोकं हातांनी झाका. व्हीलचेअरवर असाल तर ब्रेक लावा, पुढे वाका, मान झाका. पळताना माणूस पडतो, आणि नेमकं दारात-जिन्यात वरून काच, प्लॅस्टर, पंखा असलं काहीतरी येतं, म्हणून हा नियम. हादरे थांबले की मग शांतपणे बाहेर, आणि बाहेर आल्यावर भिंती, तारा, झाडं यांच्यापासून लांब उभं राहायचं कारण मागून आणखी छोटे हादरे येतातच.

पण हे सगळं इमारत उभी राहणार असेल तरच. 12 मे 2008 ला चीनच्या सिच्वान भागात मोठा भूकंप झाला, त्यात कितीतरी शाळा जमीनदोस्त झाल्या आणि हजारो मुलं गेली, तिथे टेबलाखाली शिरून काय उपयोग होणार होता? त्याच भूकंपात सांगझाओ नावाच्या गावातल्या मिडल स्कूलमधलं एकही मूल दगावलं नाही. तिथले मुख्याध्यापक ये जिपिंग यांनी आधी काही वर्षं मागे लागून, थोडा थोडा निधी मिळवून, शाळेची कच्ची इमारत मजबूत करून घेतली होती, आणि 2005 पासून ते नियमित ड्रिल घ्यायचे, कोणत्या वर्गाने कुठल्या जिन्याने उतरायचं, कोणती रांग पुढच्या दाराने आणि कोणती मागच्या, जिन्याच्या वळणावर कोणता शिक्षक उभा राहणार, इतकं बारीक. लोकांना तेव्हा ते खूळच वाटलं असेल. प्रत्यक्ष भूकंपाच्या दिवशी 2200 च्या वर मुलं आणि शिक्षक 1 मिनिट 36 सेकंदांत मैदानावर आले होते. मुख्याध्यापक स्वतः तेव्हा शाळेत नव्हते! मला तर यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, कारण प्लॅन बनवणारा माणूस नसतानाही प्लॅन चालला.

आणि बाहेर गेल्यावर कुठे, हा दुसरा प्रश्न. हा किती महत्त्वाचा आहे ते बघायचं तर 11 मार्च 2011 चा जपान बघावा लागतो. दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला. इशिनोमाकी शहरातली ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून जवळपास 4 किलोमीटर आत, नदीकाठी. मुलं व्यवस्थित टेबलाखाली शिरली, व्यवस्थित मैदानावर आली, हजेरी झाली. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं. आणि मग ती तिथेच थांबली, जवळपास 50 मिनिटं. शाळेच्या मागेच टेकडी होती. पण टेकडीवर झाडं पडतील का, दरड येईल का, त्सुनामी इतक्या आत येईल का, यावर मोठ्यांचं एकमत होईना. त्यांच्या मॅन्युअलमध्ये त्सुनामीच्या वेळी कुठे जायचं त्याबद्दल लिहिलं होतं: जवळची मोकळी जागा किंवा पार्क वगैरे. कुठली जागा, कुठलं पार्क, काहीच नाही. कोणीतरी कधीतरी नमुन्यावरून उतरवलं असावं तसलं वाक्य. शेवटी निघाले ते पुलाजवळच्या थोड्या उंच जागेकडे, म्हणजे नदीच्या दिशेने, आणि पाणी आलं. 74 मुलं आणि 10 शिक्षक गेले. पालक कोर्टात गेले. सेंदाईच्या हायकोर्टाने 2018 मध्ये शहर आणि प्रांताच्या प्रशासनाला जबाबदार धरलं, आणि त्यात मुख्य मुद्दा त्या दिवशी शिक्षक काय चुकले हा नव्हताच, तर त्याच्या आधी शाळेने आणि शिक्षण खात्याने जागा ठरवून मॅन्युअल नीट का केलं नाही हा होता. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं.

त्याच दिवशी कामाइशी शहरात शाळेत असलेली जवळपास 3000 मुलं वाचली. तिथे तोशिताका कातादा नावाचे प्राध्यापक काही वर्षं शाळांमध्ये शिकवत होते आणि त्यांचा पहिला धडाच असा की नकाशावर विश्वास ठेवून बसू नका. त्सुनामीचं पाणी कुठपर्यंत येईल ते दाखवणाऱ्या नकाशात तिथल्या काही शाळा सुरक्षित भागात होत्या, पुढे त्याच पाण्याखाली गेल्या. उनोसुमाई भागात मिडल स्कूलची मुलं अलार्मची वाट न बघता पळाली, त्यांना बघून शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलं, जी आधी वरच्या मजल्यावर थांबली होती, ती पण खाली उतरून त्यांच्याबरोबर निघाली, मोठ्यांनी छोट्यांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळलेला दिसला म्हणून आणखी वर गेली, तिथूनही आणखी वर. म्हणजे असेंब्ली पॉइंट, बाहेर येऊन जमायची जागा, ठरलेला हवा आणि तो धोक्यात आला तर पुढचा कुठला, तोही ठरलेला हवा. तुमच्या शाळेला त्सुनामीचा धोका नसेल, पण पूर, दरड, शेजारचा केमिकलचा कारखाना, यातलं काहीतरी असतंच की.

गॅसचं प्रकरण वेगळं आणि फसवं आहे. 18 मार्च 1937 ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथे एका शाळेखाली गॅस साचला होता, त्या गॅसला तेव्हा वासच नसायचा त्यामुळे कोणाला पत्ता नाही, वर्कशॉपच्या शिक्षकांनी मशीन चालू केलं, ठिणगी पडली आणि अख्खी शाळा उडाली, 300 च्या आसपास माणसं गेली, बहुतेक मुलंच. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम घाणेरडा वास मिसळायचा कायदा झाला, आज आपल्याला जो वास येतो तो तिथून आलाय. म्हणून गॅसचा वास आला की लाइटचं बटण ना चालू करायचं ना बंद, पंख्याचं तसंच, इलेक्ट्रिक बेलसुद्धा दाबायची नाही. वर्गावर्गात जाऊन तोंडाने सांगायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळे बाहेर, आणि फोन लांब जाऊन करायचा. बघा, आगीत दार बंद करा म्हटलं होतं, इथे उघडा म्हणतोय. आणि केमिकलचा ढग बाहेरून येत असेल तर पुन्हा उलट, सगळे आत, खिडक्या बंद, एसी आणि पंखे बंद. एकच बेल सगळ्यासाठी वाजवणाऱ्या शाळेत मुलांनी यातलं नेमकं काय करायचं?

यावर अमेरिकेतल्या एका संस्थेने सोपा उपाय काढला. 2006 मध्ये कोलोरॅडोतल्या एका शाळेत बंदूकधारी माणूस घुसला आणि एक मुलगी मारली गेली, तिने आईवडिलांना पाठवलेल्या शेवटच्या मेसेजवरून तिच्या पालकांनी आय लव्ह यू गाइज फाउंडेशन ही संस्था काढली. त्यांनी सगळ्या संकटांना मिळून फक्त पाच आज्ञा केल्या. पहिली, वर्गात थांबा, कॉरिडॉर मोकळा ठेवा, म्हणजे समजा बाहेर कोणाला चक्कर आली आहे आणि स्ट्रेचर न्यायचंय. दुसरी, सगळे इमारतीत या, बाहेरची दारं लावा, आत शिकवणं चालू, हे धोका शाळेच्या बाहेर असेल तेव्हा. तिसरी लॉकडाऊन, धोका आतच आहे. चौथी बाहेर पडा, आणि पाचवी आसरा घ्या, जशी वादळात किंवा भूकंपात. आणि हे कोडमध्ये सांगायचं नाही. पूर्वी कोड रेड, कोड ब्लू असं चालायचं, पण त्याच दिवशी आलेले बदली शिक्षक, पाहुणे, इलेक्ट्रिशियन यांना कोड रेड म्हणजे काय ते कसं कळणार? सरळ भाषेत सांगायचं, तेच तेच दोनदा.

लॉकडाऊनमध्ये करायचं इतकंच: दार आतून लॉक, लाइट बंद, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात सगळे, फोन सायलेंट आणि व्हायब्रेशनही बंद, आवाज नाही. आणि एकदा लावलेलं दार कोणी ठोठावलं तरी उघडायचं नाही, मी पोलीस आहे म्हटलं तरी नाही, मी मुख्याध्यापक आहे म्हटलं तरी नाही, बाहेरून चावीने उघडतील तेच. यात एक मोठी मेख आहे, मधेच फायर अलार्म वाजला तर? फ्लोरिडात पार्कलँडच्या शाळेत 14 फेब्रुवारी 2018 ला गोळीबाराच्या वेळी फायर अलार्म वाजला आणि तिसऱ्या मजल्यावरची मुलं नेहमीच्या ड्रिलप्रमाणे वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये आली. म्हणून लॉकडाऊन चालू असताना नुसता अलार्म ऐकून निघायचं नाही, धूर किंवा आग प्रत्यक्ष दिसली तरच. हे अवघड आहे, मान्य, आणि म्हणूनच शिक्षकांनी आधी आपसात याच्यावर बोलून ठेवायला हवं. छोट्या मुलांना मात्र बंदूकवाल्या माणसाची गोष्ट सांगून घाबरवायची अजिबात गरज नाही, सर सांगतील तेव्हा सगळ्यांनी या कोपऱ्यात शांत बसायचं, एवढं त्यांना पुरतं. खोटा गोळीबार, खोटं रक्त असलं नाटक करणारे ड्रिल मला तरी अघोरी वाटतात.

आता चौथा प्रश्न, सगळे आले का. मैदानावर वर्ग उभा आहे. पटावर 41, आज हजर 38, समोर मोजले तर 37. मॅडम पुन्हा मोजतात, पुन्हा 37. कोणीतरी सांगतं की तो तर बाथरूमला गेला होता. कोणी म्हणतं नाही, त्याला सिक रूममध्ये पाठवलं होतं. हा गोंधळ मिटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात एखादा फायरमन उगाचच रिकाम्या इमारतीत शिरलेला असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणी शिरलेलंच नसतं. म्हणून सकाळची हजेरी कागदावर हवी आणि तो कागद निघताना हातात हवा, कॉम्प्युटरवरची हजेरी वीज गेली की संपली. तासाच्या मधे कोण बाहेर गेलं ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची सवय असली तर फारच बरं. काही शाळांत शिक्षक मोजून झाल्यावर हिरवं किंवा लाल कार्ड वर धरतात, सगळे असले तर हिरवं, कमी-जास्त असलं तर लाल. जास्त असणंही महत्त्वाचं आहे, कारण कॉरिडॉरमध्ये सापडलेलं दुसऱ्या वर्गाचं मूल आपल्या रांगेत असतं आणि तिकडे त्याच्या वर्गशिक्षिका रडकुंडीला आलेल्या असतात. आणि मुलांबरोबर भेटायला आलेले, किचनमधले, सफाईवाले, ड्रायव्हर हेही मोजायचे. व्हिजिटर रजिस्टर त्यासाठीच असतं, त्यात जाण्याची वेळ कोणी लिहीत नाही हा भाग वेगळा.

ज्या मुलाला जिना उतरता येत नाही त्याचं काय, हा प्रश्न बहुतेक प्लॅनमध्ये 'शिक्षक मदत करतील' अशा एका ओळीत संपतो. कोणते शिक्षक? ते रजेवर असले तर? त्या मुलासाठी नावानिशी दोन माणसं ठरलेली हवीत, जिन्यावरून न्यायची खुर्ची हवी आणि ती वापरून बघितलेली हवी, किंवा निदान आगीपासून जास्त वेळ टिकेल अशी थांबायची जागा आणि ते तिथे आहे हे फायर ब्रिगेडला सांगणारं कोणीतरी. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी चमकणारा लाइट. काही मुलांना अलार्मचा आवाजच इतका असह्य होतो की ती कान झाकून जागच्या जागी बसतात किंवा भलतीकडे पळतात, त्यांना आधी सांगून, आधी आवाज ऐकवून, कानावर घालायला हेडफोन देऊन तयार करता येतं.

एवढं सगळं मोठं मोठं बोललो, पण शाळेत प्रत्यक्षात जास्त वेळा काय होतं तर पडणं, लागणं, दमा, फिट, ॲलर्जी, आणि सुटायच्या वेळी गेटसमोर गाड्यांची झुंबड, रिव्हर्स घेणारी बस आणि तिच्या मागे ड्रायव्हरला न दिसणारं पिल्लू. गेटसमोर गाडी रिव्हर्स घ्यायचीच नाही, एकाच दिशेने आत-बाहेर, एवढ्याने बरंच काम होतं. दम्याचा पंप आणि ॲलर्जीचं इंजेक्शन ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवणाऱ्या शाळा असतात, का तर औषध आहे म्हणून. तीव्र ॲलर्जीत घसा सुजतो, काही मिनिटांचा खेळ असतो, ते इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यांवरूनही देता येतं आणि मुलाला झोपवून ठेवायचं, चालवायचं नाही, श्वासाला त्रास होत असेल तर बसवायचं. चावी शोधायला त्यात वेळ कुठे आहे?

खेळताना मूल अचानक कोसळलं, हलवून उठत नाही, श्वास नाही किंवा मधेच आचके दिल्यासारखा श्वास आहे, तर तो श्वास धरायचा नाही, हृदय थांबलंय असंच समजायचं. छातीवर जोरात बॉल लागूनही असं होऊ शकतं. एकाने फोन करायचा, एकाने छातीच्या मध्यभागी जोरात दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, साधारण 5 सेंटिमीटर खोल, आणि तिसऱ्याने पळत जाऊन एईडी आणायचं. श्वास द्यायचं शिकलेलं कोणी असेल तर 30 वेळा दाबून झालं की 2 श्वास, नसेल तर नुसतं दाबत राहायचं. एईडी म्हणजे शॉक देणारं मशीन, ते चालू केलं की स्वतःच बोलून सांगतं काय करायचं ते आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. छाती दाबणं चालू नसेल तर शॉकला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने जगायची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी कमी होते, मग ते मशीन मैदानापासून किती लांब आहे ते एकदा पळून बघा.

ड्रिलबद्दल. तारीख आधी जाहीर, सगळे बूट घालून तयार, पाहुणे खुर्च्यांवर, फोटो, संपलं. याने मुलांना वाट कळते, अगदीच फुकट नाही, पण प्लॅन तपासला जात नाही. एखाद्या वेळी मधल्या सुट्टीत घ्या, जेव्हा मुलं वर्गात नसतात. एखाद्या वेळी मुख्य जिन्यासमोर खुर्ची ठेवा आणि सांगा इथे आग आहे. एखाद्या वेळी मुख्याध्यापकांना आणि उपमुख्याध्यापकांना बाजूला बसवा, तुम्ही आज नाही आहात म्हणून, आणि बघा कोण पुढे येतं. मग त्याच दिवशी काय फसलं ते लिहा आणि पुढच्या वेळेआधी ते दुरुस्त करा. फसलेलं काहीच नाही असा रिपोर्ट आला तर तो ड्रिल झालाच नसावा असं मी समजतो.

राहिला सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग, मुलं घरी कशी द्यायची. काही झालं अशी नुसती कुणकुण लागली की शेकडो पालक गाड्या घेऊन शाळेकडे सुटतात, रस्ता भरतो आणि अँब्युलन्स मागे अडकते. यात पालकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, पोटचं पोर आत असताना कोण घरी बसेल, पण म्हणूनच शाळेने पहिला मेसेज लवकर पाठवायचा, अर्धवट माहितीचा असला तरी चालेल: काय झालंय, मुलं कुठे आहेत, तुम्ही कुठे या आणि कुठे येऊ नका, पुढचा मेसेज किती वाजता. न्यायची जागा शाळेपासून वेगळी असलेली बरी. तिथे पालक एकीकडे, मुलं दुसरीकडे, एकमेकांना न दिसतील अशी. पालकांनी ओळखपत्र दाखवून कार्ड भरायचं, शाळेचा माणूस ते घेऊन आत जातो, मुलाला आणतो, सही होते. हे रांगेत उभं राहणं त्या क्षणी संतापजनक वाटतं, पण मूल नक्की कोणाबरोबर गेलं ते लिहिलेलं नसेल तर संध्याकाळी एकाच मुलाला दोन घरं शोधत बसतात, आणि कोर्टाने ज्याला भेटायला मनाई केली आहे असा एखादा पालक नेमका या गर्दीत मुलाला घेऊन जाऊ शकतो. शेजारच्या काकूंनी आणायला जायचं असेल तर त्यांचं नाव शाळेच्या यादीत आधी हवं. नंबर बदलला की वर्षाच्या सुरुवातीला भरलेल्या फॉर्मवरचा जुना नंबर तसाच राहतो, आजच शाळेत फोन करून तो बदलून घ्या, आणि दुसऱ्या कोणाचा तरी एक नंबर द्या, जो माणूस तुमच्याच ऑफिसमध्ये बसत नाही.